पायाला भिंगरी बांधलेलं लेकरू: तुमच्याही घरी आहे का?

पऱ्हाटीचं फूल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून इथं नुसतं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून आत. घरी सासू-सासरे, हे, मी आणि आमची चार वर्षांची लेक. नाव वेगळं आहे, पण घरात आणि गावात तिला सगळे भिंगरीच म्हणतात. उठली की पळते, झोप लागेपर्यंत पळते, झोपेतही पाय हलवते.

काल जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सध्या कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. भाव चढेल या आशेवर यंदाही कापूस घरातच भरला. माजघरात खिडकीच्या निम्म्यापर्यंत ढीग आलाय. ज्यांच्या घरी कापूस भरतात त्यांना माहीत आहे, मोठ्यांच्या अंगाला महिनाभर खाज आणि लेकरांची मात्र चंगळ. भिंगरी कोठीवर चढते आणि ढिगात उडी मारते. केसांत कापूस, कानात कापूस, जेवताना ताटात कापूस. ती एकटी असली की माजघराची कडी लावायची, असं आम्ही ठरवलं होतं, कारण एवढ्या ढिगाखाली लेकरू दबायची भीती असते. काल ती कडी लावायची राहिली.

दुपारची वेळ. मी मागच्या अंगणात कपडे धूत होते, सासूबाई सपरीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकाएकी माझ्या लक्षात आलं की घरातून आवाज येत नाहीये. असं लेकरू ज्यांच्या घरी आहे त्यांना गोंगाटाची सवय असते, धास्ती असते ती शांततेची. तशीच ओल्या हातांनी आत धावले.

बाईसाहेब ढिगाच्या माथ्यावर. अंगात बापाची बनियन, गुडघ्यांपर्यंत आलेली. दोन मांड्यांमध्ये दह्याचा गंज, म्हणजे पातेलं. मूठ दह्यात बुडवायची, कापसावर शिंपडायची आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायचं. परत बुडवायची, परत शिंपडायची. कोपरापर्यंत दही आणि दह्याला चिकटलेला कापूस, नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखे हात झाले होते. मी ओरडले, "काय करून रायली व तू?" तिनं अगदी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"आजीनं वावरातल्या कापसाले दहीभात देल्ला. मंग घरातल्याले कोनं देल्ला? त्याले भूक नाई लागत का?"

इथल्या सगळ्यांना सीतादही ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगते. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी पाच खडे मांडतात, हळद-कुंकू वाहतात, दहीभाताचा निवद दाखवतात आणि थोडा झाडांवर शिंपडतात. मगच कमरेला ओटी, म्हणजे कापूस टाकायची झोळी, बांधून वेचायला सुरुवात. यंदा सासूबाईंनी पूजा केली तेव्हा भिंगरी माझ्या कडेवर होती, आणि पूर्ण वेळ "खाली सोड, खाली सोड" म्हणून रडत होती. मला वाटलं होतं तिनं काही पाहिलंच नाही.

सासूबाई मागून आल्या. पाहिलं, कपाळावर हात मारला आणि उंबऱ्यावरच बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, "माय व, ध्यानात ठेवलं पोट्टीनं. मी तं तिले सांगतलं बी नव्हतं. माह्यामागं कोन करन, कोन करन म्हनत होती मी."

हे संध्याकाळी वावरातून आले. सहा-सात किलो कापूस भिजलेला. सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आतच लागतो, आणि ओल्याचा डाग ढिगात तसाच राहिला तर आतल्या आत तापून कापूस पिवळा पडतो. त्यांनी एक शब्द न बोलता ओला कापूस वेगळा काढला, सपरीतल्या दोन खाटांवर पसरला. रागावले होते, मला दिसत होतं. वर्षभराची कमाई त्या एका खोलीत आहे, राग येणारच. भिंगरी मागं मागं. शेवटी तिनं विचारलं, "बाबा, आता त्याचं पोट भरलं न?" ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रात्री मी भांडी घासून आत आले तर ती झोपलेली आणि हे तिच्या केसांतून कापसाचे पुंजके एक एक करून काढत बसले होते. दह्यानं चिकटलेले. तेल लावून, हळूहळू, ती जागी होणार नाही असे.

मी उपाय विचारायला आले नाही. उपाय सांगणारे गावात पुष्कळ आहेत. "पोरीच्या जातीले इतकं अचपळपन बरं नाई" हे मी रोज ऐकते. तालुक्याच्या एका शाळेत छोट्या वर्गाला घातलं होतं, दोन आठवड्यांत "एका जागी बसत नाही, पुढच्या वर्षी आणा" म्हणून परत पाठवली. त्या दिवशी बसस्टँडवर मी रडले होते आणि ती माझ्या पर्समधली तिकिटं मोजत होती.

मला एवढंच पाहिजे की तुमच्या घरातल्या अशा लेकरांच्या गोष्टी इथं लिहा. दिवस असा दमवतो की रात्रीपर्यंत सगळं विसरायला होतं. आणि ही चार वर्षांची परत व्हायची नाही.


अंजनगावची आजी, रात्री ११.१५

पोरी, मी वाचता वाचता दोनदा चष्मा पुसला. तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग.

माझा थोरला असाच होता. ही गोष्ट ३५ वर्षांपूर्वीची. तुरी खळ्यातून घरी आल्या होत्या. हा चार वर्षांचा. दिवसभर गप्प गप्प, जेवला नाही, रात्री घोरायला लागला. सकाळी पाहते तर एक नाकपुडी फुगलेली. विचारलं तर म्हणे, "मी तूर पेरली." दोन दाणे आत! जमिनीत पेरली की उगवते, नाकात उगवते का ते त्याला पाहायचं होतं. माझ्या जाऊनं सांगितलं, कोमट पाणी सोड नाकात. सोडलं. दाणे आणखी फुगले. मग बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीनं डॉक्टरांकडे. एक दाणा निघाला तेव्हा त्याला खरंच बारीक मोड आल्यासारखा दिसत होता, आणि हा पठ्ठ्या रडायचं सोडून डॉक्टरांना म्हणाला, "दाखवा, दाखवा!"

आज तो वीज मंडळात लाईनमन आहे. वादळात रात्री दोनला खांबावर चढतो आणि पूर्ण गावाला उजेड देतो. त्याची भीती लहानपणीच गेली होती, मी काढली नाही, ती त्याच्यात नव्हतीच.


आशा कार्यकर्ती, बुलडाणा जिल्हा, रात्री ११.५०

आजी, गोष्ट फार गोड आहे, पण तेवढं पाण्याचं वाचून मला राहवलं नाही. आता तुरी-हरभरे घरात येण्याचे दिवस आलेत, म्हणून सगळ्या आयांसाठी लिहिते.

दाणा, शेंगदाणा, चिंचोका असं काही नाकात गेलं तर पाणी किंवा तेल सोडायचं नाही, दाणा फुगतो. पिन, काडी, चिमटा घालायचा नाही, तो आत सरकतो. दवाखान्यात एक साधी युक्ती शिकवतात: आईनं लेकराची मोकळी नाकपुडी बोटानं दाबायची, आपलं तोंड त्याच्या उघड्या तोंडावर घट्ट लावायचं आणि एकच झटक्याची फुंकर मारायची. पुष्कळदा दाणा बाहेर येतो. नाही आला तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, दवाखाना गाठा. एकाच नाकपुडीतून बरेच दिवस घाण वासाचा शेंबूड येत असेल तर सर्दी समजू नका, आत काहीतरी अडकलेलं असू शकतं.

खेळता खेळता फल्लीदाणे (शेंगदाणे) खाताना एकदम ठसका लागला आणि नंतर श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. दाणा श्वासनळीत गेलेला असू शकतो. १०८ ला फोन करा.

आणखी एक. फवारणीचं औषध कुणीही थंड्याच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. अशी चपळ लेकरं कोठीवर चढतात, आढ्याला लोंबकळतात, त्यांच्यासाठी उंच जागा ही जागाच नव्हे. कुलूप लावा. आणि कुणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखान्यात या.

घाबरवायला लिहिलं नाही. भिंगरीला माझा पापा द्या.


संत्रावाला, वरुड, सकाळी ६.०५

ताई, रात्री तुमचा धागा वाचला आणि पुन्हा झोप लागली नाही. एक गोष्ट मी बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही, ती इथं लिहितो.

आमच्याकडे पंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. ओलितासाठी मला रात्री अकरा-बाराला बागेत जावं लागतं. मुलगा पाच वर्षांचा. तुमच्या भिंगरीचाच भाऊ समजा. मागच्या वर्षी याच दिवसांत सकाळी उठून पाहतो तर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या फुलोऱ्याची, हिरवी संत्री, लिंबापेक्षा जरा मोठी झालेली, तोडून जमिनीवर. साठ-सत्तर फळं. घराच्या पायरीपासून विहिरीपर्यंत एक एक फळ ठेवत गेलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो बहार टिकवायला किती खर्च येतो ते बागाईतदारालाच कळतं. मी त्याला दोन ठेवून दिल्या. जोरात. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी त्याच्या आईनं त्याला जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं. आदल्या रात्री टॉर्चचा सेल संपला म्हणून मी अंधारात धडपडलो होतो, धुऱ्यावर पडलो होतो. सकाळी घरात ते बोलणं झालं, ते त्यानं ऐकलं. बाबांना अंधारात घराची वाट सापडावी म्हणून त्यानं फळं मांडली होती. "पायाले लागले की समजते न," म्हणाला.

त्या रात्री मी बागेत गेलो तेव्हा टॉर्च बंद केला आणि त्या फळांवरूनच घरी आलो. चपलेला एक एक फळ लागत होतं. घरात येऊन त्याला झोपेतून उठवलं आणि सांगितलं, सापडली रे वाट. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "हाव, मले माईत होतं."

तेव्हापासून हात उचलण्याआधी विचारतो, "कावून केलं?" कधी कधी उत्तर असं मिळतं की पुढं बोलताच येत नाही. कधी नुसतीच खोडी असते, तेव्हा रागावतो. पण विचारतो आधी.


शेंदूरजन्याची सून, सकाळी ६.४०

दादा, मी चुलीपुढे वाचलं. पोळी करपली. आणखी काही लिहिता येत नाही.


तीन लेकरांची माय, सकाळी १०.२०

सगळ्यांचं वाचलं. वाईट मानू नका, पण मला वेगळं वाटतं ते लिहिते.

माझं स्वतःचं वावर नाही. मी दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाते. सकाळी सातला निघायचं. मोठ्या दोघी शाळेत जातात. लहाना अडीच वर्षांचा, तो सोबत. बाभळीला झोळी बांधते, पण तो आता झोळीत राहत नाही. तास (पऱ्हाटीची ओळ) धरून वेचत पुढं जावं की मागं वळून त्याला पाहावं? वेचलेल्या किलोवर पैसे. पऱ्हाटीत साप असतो, काटे असतात, बाजूला विहीर आहे तिला कठडा नाही. एक दिवस मी त्याला दुपट्ट्यानं झाडाला बांधला. कमरेला, सैल. तो दोन तास रडला आणि मी दोन तास वेचत राहिले. त्याच्याकडे पाहिलं असतं तर सोडला असता, म्हणून पाहिलं नाही.

त्याचा मला राग येत नाही. मला थकवा येतो. त्याचं कौतुक करावं एवढी ताकद संध्याकाळी उरत नाही. तुमच्या घरी सासूबाई हसल्या. माझ्या घरी हसायला कुणी नाही.


पऱ्हाटीचं फूल, सकाळी ११.०५

ताई, तुमचं खरं आहे. माझ्या घरी चार माणसं आहेत म्हणून मी हसू शकले. परवाच, सासूबाई लग्नाला गेल्या होत्या तेव्हा, याच भिंगरीवर मी अशी ओरडले की ती कोठीमागे जाऊन लपली आणि तिथंच झोपली. थकल्यावर मीही तीच.

तुम्ही दुपट्ट्यानं बांधलंत ते त्याला विहिरीपासून वाचवायला. ते मला तुमच्या लिहिण्यातूनच दिसतं.

एक विचारू? त्याच्याबद्दल एखादी गोष्ट सांगाल? कशीही.


तीन लेकरांची माय, दुपारी १.३०

(जेवायच्या सुट्टीत लिहून रायली.) तो मुंग्यांशी बोलते. भाकरीचा तुकडा देते आन "हयू खा" म्हनते. त्याले ळ येत नाई न. परवा एक मुंगी त्याले चावली तं रडत रडत तिले म्हने, "भूक लागली का तुले?"

आता हे लिहितानी मलेच हसू आलं.


अंगणवाडी सेविका, भंडारा जिल्हा, दुपारी २.१०

तीन लेकरांच्या ताई, आमच्या गावात धान कापणीच्या वेळी हाच प्रश्न होता. पाच-सहा बायकांनी ठरवलं की रोज एकीनं कापायचं नाही, सगळ्यांची लहान लेकरं सांभाळायची, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बाकीच्यांनी वाटून द्यायची. पहिले दोन दिवस भांडणं झाली, मग बसलं. तुमच्या वेचणाऱ्या बायांशी बोलून पाहा. लहाना तीन वर्षांचा झाला की अंगणवाडीत पूर्वप्राथमिकला बसू शकतो, तोपर्यंत त्याच्या वाट्याचा कोरडा आहार घरी न्यायला विसरू नका, तो हक्काचा आहे.

आणि भिंगरीच्या आईसाठी. माझ्याकडे वीस-बावीस लेकरं असतात, त्यात दरवर्षी एखादं तरी भिंगरीसारखं असतंच. आधी मी पण "बस, बस" करत दिवस घालवायची. एका मुलानं मला शिकवलं. तो पाच मिनिटांत उठून दारात जायचा, दारातून हापशीवर, हापशीवरून तळ्याच्या वाटेला. एकदा मी वैतागून त्याच्या हातात तांब्या दिला आणि म्हटलं, जा, या बादलीतलं पाणी त्या बादलीत भर, पण एक थेंब सांडायचा नाही. अर्धा तास! जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, पाऊल मोजत. सगळ्या बसलेल्या लेकरांपेक्षा तोच जास्त एकाग्र होता. मग लाखोळी आणि मूग एकत्र करून द्यायचे, तो वेगळे करायचा. चटया पसरायचं, घंटा वाजवायचं काम त्याचं. गाण्याच्या वेळी मात्र तो उभा राहूनच गायचा, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. मी बसवला नाही.

तिच्या हाताला खरं काम द्या. खोटं खेळण्यातलं नको, लगेच ओळखतात.


निवृत्त मास्तर, वाशिम, सायंकाळी ५.३०

सेविकाताईंनी जे तांब्यानं साधलं, त्यावर मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पुस्तकांतून आलो. आधी आलो असतो तर काही मुलांचे कान वाचले असते, याची मला आजही खंत आहे.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तीच मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. जन्मापासूनच मुलांच्या स्वभावात नऊ बाबतींत फरक दिसतो, असं त्यांनी मांडलं: हालचाल किती, झोप-भूक नियमित की नाही, नव्या गोष्टीकडे धावतो की बिचकतो, भावना किती जोरात दाखवतो, लक्ष किती लवकर विचलित होतं, एखादी गोष्ट किती चिकाटीनं धरून ठेवतो, वगैरे. सुमारे ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी निघाली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, आणि उरलेली यातल्या कुठल्याच खान्यात न बसणारी.

त्या काळी मूल अवघड निघालं की सगळा दोष आईवर टाकत. या दोघांनी सांगितलं की मुलाचा स्वभाव आणि घर-शाळेची त्याच्याकडून असलेली अपेक्षा यांची जुळणी होते की नाही, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. भिंगरी त्या शाळेत बसली नाही, तर जुळणी झाली नाही एवढाच त्याचा अर्थ. चार वर्षांच्या मुलीकडे खोट शोधू नका.

आणि आपल्या मराठीत तर हे काम त्याही आधी सुरू झालं. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक. त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालमंदिरात काम केलं, १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारची बालविकास योजना सुरू झाली तेव्हा गावोगाव हे अंगणवाडी नाव पोचलं.

पळणाऱ्या मुलाला धरून आणण्याऐवजी शाळाच त्याच्यामागे कुरणात गेली, हे मला शिक्षणातलं फार मोठं धाडस वाटतं. मी स्वतः ३१ वर्षं मुलांना बाकावरच बसवत आलो.


अकोल्याची, सध्या पुण्यात, सायंकाळी ७.४५

मी नवव्या मजल्यावर राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा, असाच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसातून किमान १८० मिनिटं अंग हलवावं, त्यातली ६० मिनिटं चांगलं दमेपर्यंत. मोबाईल-टीव्ही फार तर एक तास, आणि झोप १० ते १३ तास. मी ते १८० मिनिटं गोळा करायला त्याला लिफ्टऐवजी जिन्यानं नेते, सोसायटीच्या बागेत नेते, सोफ्यावरून उड्या मारू देते, मग खालचे लोक बेल वाजवतात. भिंगरीचे १८० तर न्याहारीच्या आधी होत असतील.

माझं लहानपण मूर्तिजापूरजवळ मामाच्या गावी गेलं. कापसाच्या ढिगात उडी मारल्यावर आधी ऊब लागते आणि मग सरकीचा तो तेलकट वास येतो, बरोबर ना? काल वाचल्यापासून तो वास नाकातून जात नाहीये. संक्रांतीला मुलाला घेऊन येते आहे मामाकडे. एक उडी त्याची, एक माझी.


अंजनगावची आजी, रात्री ८.३०

ये बाई ये. वाटेत आमचं गाव नाही, तरी ये.

एक मात्र बोलायचं राहिलं होतं. "पोरीच्या जातीले" म्हणतात त्यांच्यासाठी. माझा थोरला अचपळ होता तेव्हा लोक म्हणत, पोट्टा हुशार निघन. त्याच्या पाठची बहीणही तशीच होती, आणि तिला मात्र मी बसवली. मीच. भांडी दिली हातात, पाय आखडून बसायला शिकवलं, मोठ्यानं हसली की डोळे वटारले. आता ती पस्तिशीची आहे, फार गुणाची आहे, सगळं गाव नाव काढतं. पण तिला झाडावर चढताना मी पाहिलं होतं ग. सहा वर्षांची असताना, चिंचेवर, सगळ्यात वरच्या फांदीवर. खाली उतर म्हणून मी ओरडले आणि ती उतरली, ती पुन्हा कधी चढली नाही. तुझ्या भिंगरीला उतरवू नको.


पऱ्हाटीचं फूल, पाच दिवसांनी, रात्री ९.२०

उशीर झाला, वेचणीत होते. आजी, तुमचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी बी चढत होती चिचीवर." आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, ह्यांनाही नाही.

सेविकाताईंचं ऐकून ह्यांनी जुन्या दुपट्ट्याची एक लहानशी ओटी शिवून आणली. काल भिंगरीला कमरेला बांधली आणि वावरात नेलं. मी तिला दाखवलं की बोंड पूर्ण उमललेलं पाहिजे, पाचही बोटांनी धरायचं आणि ओढताना वाळलेली पाती सोबत आली नाही पाहिजे. तिनं पहिलं बोंड ओढलं, पातीचा चुरा लागला. दुसरं ओढलं, लागला. तिसऱ्याच्या वेळी तिनं डाव्या हातानं बोंडाखालचा देठ धरला, हे मी सांगितलं नव्हतं, आणि उजव्या हातानं कापूस असा अलगद काढला की चारही पाकळ्या रिकाम्या राहिल्या. एक तंतू नाही. तिनं ते रिकामं बोंड बराच वेळ पाहिलं. मग पुढच्या झाडाला गेली. मध्ये दोनदा पळाली, एकदा टोळामागं आणि एकदा उगाच. पण परत आली.

दुपारी ह्यांनी सगळ्यांचा कापूस मोजला तसा तिचाही काट्याला लावला. ३४० ग्रॅम. वहीत तिच्या नावानं लिहिला, खाली तारीख घातली. तिनं विचारलं, पैसे? पाच रुपयांचं नाणं दिलं.

तीन लेकरांच्या ताई, तुम्ही तुमच्या बायांशी बोललात का, ते नक्की लिहा.

नाण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आज सकाळी माजघरात कापूस खालीवर करताना ढिगातून खण्णकन पडलं. तिला विचारलं, इथं कावून ठेवलं व? तर म्हणे, "दही नाई द्याचं म्हनलं होतं न तू. म्हनून पैसे देल्ले, त्याचं त्यो घेईन."

नाणं परत ढिगात ठेवलंय. गाडी भरेपर्यंत राहू द्या म्हणाले हे.